आधी बॅकअप, मग पेचकस

आमच्या घरातला संगणक २०१३ सालचा. अंबाजोगाईतच सुटे भाग जुळवून घेतलेला. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, एच-६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मी घरबसल्या मराठी टायपिंग आणि पानं लावण्याचं काम करते. लग्नपत्रिका, कॉलेजातल्या सरांचे प्रबंध, कुणाचा कवितासंग्रह, भजनी मंडळाच्या वह्या, असं सगळं. त्याच मशीनवर आमच्या ह्यांचा शेतीचा हिशोब आहे, पोरांचे लहानपणापासूनचे फोटो आहेत, आणि सासऱ्यांच्या आवाजातली भारुडं आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेली. सासरे आता नाहीत. कॅसेटी बुरशी लागून गेल्या. ह्या एका डिस्कवर सोडून तो आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता.

जुना संगणक वेगवान करायचा म्हटलं की जो तो रॅमपासून, नाहीतर एसएसडीपासून, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कपासून, सुरुवात करतो. मी बॅकअपपासून केली. ज्यांच्या घरी असं जुनं मशीन आहे त्यांनीही तसंच करावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून काय काय केलं ते लिहून ठेवते.

२०२५ च्या पावसाळ्यात मशीन पारच मंदावलं. बटण दाबल्यावर कामाला लागायला दहा-दहा मिनिटं जायची. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर निवांत आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलेली. फाइल सेव्ह करताना कॅबिनेटमधून टकटक ऐकू यायची. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. मांजरा, तेरणा, सिंदफणा पात्र सोडून वाहिल्या. वन्संचं गाव नदीकाठी. त्यांच्या घरात पाणी शिरलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातले कागद, अल्बम, सगळं चिखलात गेलं. अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगरावर, त्यामुळं आमच्याकडं पाणी आलं नाही. पण वन्संच्या अंगणात दोरीला चिमटे लावून वाळत घातलेले फोटो पाहिले, आणि ह्या डिस्कचं काम आता पुढं ढकलायचं नाही हे ठरलं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा अपडेट बंद होणार होत्या. आमचं मशीन विंडोज ११ च्या नियमांत बसत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा.

आधी एका दुरुस्तीवाल्याला विचारलं. त्यानं मशीन न उघडताच सांगितलं, "ताई, फॉरमॅट मारून देतो. सी ड्राइव्हचं तेवढं जाईल, डीला धक्का लागत नाही." हे वाक्य आपल्याकडं इतक्या ठिकाणी ऐकू येतं की ह्यावर थोडं थांबायला हवं. सी, डी, ई ह्या वेगवेगळ्या डिस्का नाहीत. एकाच डिस्कचे पाडलेले कप्पे आहेत. फॉरमॅट मारताना डी वाचतो हे खरं, पण डिस्कच गेली तर तिन्ही कप्पे एकदम जातात. "महत्त्वाचं सगळं डीमध्ये टाकून ठेवलंय" म्हणणाऱ्या माणसाकडं बॅकअप नाही, हे त्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला पाहिजे. शिवाय डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर सहसा सीमध्येच असतात, आणि घरातली बहुतेक माणसं नेमकं तिथंच सगळं ठेवतात. मी मशीन तसंच रिक्षात घालून परत आणलं.

दिवाळीत भाचा आला. वन्संचा मुलगा, छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. त्यानं पहिल्यांदा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा प्रोग्राम चालवला. तो फुकट मिळतो. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. हा प्रोग्राम ती नोंद वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. आमची डिस्क पिवळी. दोन ओळी बघायच्या असतात. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे डिस्कनं खराब धरून बदललेल्या जागा, आणि सी-५ ची ओळ म्हणजे वाचता वाचेनाशा झालेल्या, अजून निकाल न लागलेल्या जागा. ते आकडे मुळात सोळाच्या पायावर दिसतात. तिथं १० दिसलं तर ते सोळा समजायचे. आमच्या सी-५ मध्ये शून्य नव्हतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"मामी, आता हिला काहीच करायला लावू नका," तो म्हणाला. "डीफ्रॅग नको, चेक डिस्क नको. आधी जे निघतंय ते काढून घेऊ."

चेक डिस्क आणि डीफ्रॅग दोन्ही सगळी डिस्क ढवळून काढतात. धडधाकट डिस्कला त्यानं काही होत नाही, पण मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाऊ शकते. म्हणून त्यानंतर त्या डिस्कवरचं विंडोज पुन्हा चालूच केलं नाही. लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी चालणारी ही फुकटची प्रणाली आहे) पेन ड्राइव्ह बनवून मशीन तिच्यावरून चालू केलं. पेन ड्राइव्हवरून चालणारं मिंट आपल्या डिस्कला आपण सांगितल्याशिवाय हात लावत नाही. हार्ड डिस्क फक्त वाचण्यापुरती फिरते.

बाहेरची १ टीबीची डिस्क आणली होती. दुकानात काउंटरवरच त्यांच्या लॅपटॉपला लावून पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली, ते पाहून घेतले. जुन्या, वापरलेल्या डिस्का नव्या वेष्टनात विकल्या जातात, आणि हजारो तास चाललेली डिस्क सहसा ह्या एका आकड्यात पकडली जाते. घरी आणल्यावर ह्यांनी विचारलं, "१ टीबीचे पैसे दिले आन् ९३१ च कशी दाखवायली?" ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच फरक आहे.

मग आधी काय काढायचं? हा प्रश्न मला तंत्राच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा मोठा वाटला, आणि त्यासाठी आम्ही तिघं कागद-पेन घेऊन बसलो. हे म्हणाले आधी सातबारा, फेरफार आणि पीक विम्याच्या पावत्या. मला ते पटलं नाही. डिजिटल सहीचा सातबारा आता १५ रुपयांत सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. मुलांचे मार्कमेमो डिजिलॉकरवर आहेत. बँकेचं खातेपुस्तक बँकेत आहे. विंडोज, पानं लावायचा पेजमेकर, प्रिंटरचे ड्रायव्हर हे सगळं कुठून तरी परत मिळतं. जे जगात दुसरीकडं कुठंच नाही, ते आधी. म्हणून पहिला नंबर भारुडांचा, दुसरा फोटोंचा, तिसरा माझ्या टायपिंगचा, आणि त्यानंतर शेतीचा हिशोब. सरकारी कागद शेवटी. ज्या घरात हे काम करायचं असेल त्यांनी ही यादी आधी करावी. डिस्क किती वेळ साथ देईल ह्याचा भरवसा नसतो.

भारुडांच्या फायली निघाल्या. उतरल्यावर मी एकेक लावून शेवटपर्यंत ऐकली. फाइलचं नाव आणि आकार बरोबर असला तरी आत अर्धवट असू शकतं, म्हणून नुसतं नाव पाहून भागत नाही. फोटोंपैकी एका लग्नाचं फोल्डर मध्येच अडलं. त्याला बाजूला ठेवून पुढचं सगळं काढलं. नंतर भाच्यानं डीडीरेस्क्यू नावाचं साधन लावलं. ते पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत घेतं, पण शहाणपणानं. जिथं वाचता येतंय ते सगळं आधी भराभर उचलतं, अडलेल्या जागा सोडून देतं, आणि शेवटी मागं वळून त्या जागांवर परत परत प्रयत्न करतं. कुठपर्यंत आलो ह्याची नोंद ते एका फाइलीत ठेवतं. आपल्याकडं ह्याचा मोठा उपयोग आहे, कारण मधेच लाइट गेली आणि यूपीएसनं मान टाकली. लाइट आल्यावर काम पहिल्यापासून नाही, जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं. आमच्या बोर्डाला यूएसबी २ चीच भोकं आहेत, सेकंदाला तीसेक एमबीच्या वर वेग जात नाही. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी त्या अडलेल्या लग्नातले बरेचसे फोटो हाती लागले. काही खालून अर्धे राखाडी आले. तेही ठेवले आहेत.

आता पुढचा टप्पा, जो मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं करायलाच हवा. बॅकअपची डिस्क भाच्याच्या लॅपटॉपला लावली आणि माझ्या फायली एकेक उघडायला घेतल्या. फोटो उघडले, गाणी वाजली. प्रबंधाची फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा आणि डॉलर. मराठीचं एक अक्षर नाही.

फाइल खराब झाली नव्हती. माझं २०१८ पर्यंतचं सगळं काम जुन्या फॉन्टांत आहे. काही आयएसएम ह्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामच्या डीव्हीबी-टीटी घराण्यातले फॉन्ट, काही श्रीलिपी ह्या तशाच दुसऱ्या प्रोग्रामचे. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो जगात कुठल्याही मशीनवर ‘क’च असतो. जुन्या फॉन्टांत तसं नाही. तिथं फाइलीत एखादं इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चं चित्र काढतो. फॉन्ट नसला की चित्र गेलं, आणि उरतं ते इंग्रजी अक्षर. एका फॉन्टघराण्याची फाइल दुसऱ्या घराण्याचा फॉन्ट लावून उघडली तरी वाचता येत नाही, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी. म्हणजे मी दहा डिस्कांवर प्रती ठेवल्या असत्या आणि फॉन्ट ठेवले नसते, तर हे सगळं काम असून नसल्यासारखं झालं असतं. आणि फॉन्ट असतात कुठं? सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात. "सीचं तेवढं जाईल" म्हणून फॉरमॅट मारणाऱ्यानं नेमकं तेच पुसलं असतं.

ह्यावर तीन गोष्टी केल्या. पहिली, डिस्कच्या हुबेहूब प्रतीतून सगळा फॉन्ट फोल्डर उचलून बॅकअपमध्ये वेगळा ठेवला आणि प्रत्येक मोठ्या कामाच्या फोल्डरात एक साधी टेक्स्ट फाइल टाकली: कुठला फॉन्ट, कुठला कीबोर्ड, कुठल्या प्रोग्रामात केलं. दुसरी, संपलेल्या प्रत्येक पुस्तकाची, प्रबंधाची पीडीएफ काढली. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, मग समोरच्याकडं तो असो नसो, पान जसंच्या तसं दिसतं. दीर्घकाळ जपायला पीडीएफ-ए नावाचा प्रकार आहे, २००५ पासून त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात फॉन्ट आत असणं सक्तीचंच आहे. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हींत तो पर्याय मिळतो. पेजमेकरच्या फायलींना तर हाच भरवशाचा इलाज. त्याची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची, आणि श्रीलिपी ज्या लॉकवर, म्हणजे मशीनला खोचायच्या चावीवर, चालते ते बोटाएवढं लॉक एकच आहे. त्याची प्रत काढता येत नाही.

तिसरी गोष्ट अजून चालू आहे: मजकूर युनिकोडमध्ये आणणं. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं, जुन्यात नंतर आणि युनिकोडमध्ये आधी. ‘निर्मिती’सारख्या शब्दात दोन्ही एकत्र येतात आणि तिथं कन्व्हर्टर चुकतो. ‘ऱ्या’ तर हमखास बिघडतो. ओळ न् ओळ वाचून घ्यावी लागते. आधी कवितासंग्रह घेतले, कारण त्यातल्या एका कवीची हस्तलिखित वही आता राहिलेली नाही असं त्यांच्या मुलीनं सांगितलं. तीच टाइप केलेली प्रत काय ती उरली आहे.

हे सगळं दोन जागी सुखरूप गेल्यावर मगच पेचकस हातात घेतला.

मशीन ओसरीत आणून दोन्ही बाजूंची झाकणं काढली. आमचं घर गावाच्या कडेला, ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी यंत्रं चालू असतात, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामधून हवा जायला पाहिजे. तिथं धुळीची जाडसर वाकळ बसली होती, बोटानं अख्खी उचलून निघाली. मागच्या बाजूला कार्डाच्या भोकावरची एक पट्टी नव्हती, तिथून पाली आत जायच्या. ती पट्टी आधी बसवली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, ते मोकळं गरगरलं की बेअरिंग जाते. कोरड्या रंगाच्या ब्रशनं कोपरे काढायचे. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आणि पॉवर सप्लायचा डबा घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या आत वीज धरलेली असते.

प्रोसेसर आणि पंखा ह्यांच्यामधली पेस्ट खडू झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावली, मधोमध वाटाण्याएवढी. जास्त लावायची गरज नसते, दाबली की आपोआप पसरते. पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीनं दाबायच्या, नाहीतर पंखा एका बाजूला कलतो. आधी काहीही न करता ६८ अंश दाखवणारा प्रोसेसर नंतर ४४ वर आला. गरम झालेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणून ह्या साफसफाईचा परिणाम कामात लगेच जाणवतो.

रॅमची जुनी पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं हलकेच पुसले, शेजारच्या खाचेत ४ जीबीची आणखी एक बसवली. डीडीआर-३ च लागते, नवी डीडीआर-४ त्या खाचेत बसतच नाही. ती वापरलेलीच मिळाली, म्हणून मेमटेस्ट लावून तपासून घेतली. खराब रॅम फायली गुपचूप बिघडवते, आणि बॅकअपमध्येही मग बिघडलेलीच फाइल जाते.

खरा फरक एसएसडीनं पडला. जुनी डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, सरासरी त्याच्या निम्मी वाट, आणि वर वाचणारं डोकं सरकायचा वेळ. म्हणजे कुठलाही तुकडा शोधायला दहा-बारा मिलिसेकंद. विंडोज चालू होताना असे हजारो तुकडे इकडून तिकडून गोळा करतं. एसएसडीला फिरणारं काही नाही, तिला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत. एच-६१ बोर्डाचा साटा, म्हणजे डिस्क लावायचा जोड, जुना, सेकंदाला ३ गिगाबिटचा आहे. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेली एसएसडी त्यावर २७० च्या आसपासच चालते. म्हणून महागातली घेण्यात अर्थ नव्हता. नाव असलेल्या कंपनीची, पक्क्या बिलाची आणि वॉरंटीची साधी एसएसडी घेतली. बसवल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन डिस्कशी बोलण्याचा प्रकार जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर नेला. जुन्या मशीनवर हे बऱ्याचदा आयडीईवर राहिलेलं असतं. हा बदल नवं विंडोज टाकण्याआधी करायचा. नंतर केला तर निळी स्क्रीन येते.

विंडोज नव्यानं टाकलं. जुन्याची प्रत उचलून ठेवली असती तर बारा वर्षांचा कचराही सोबत आला असता. परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असल्यामुळं इंटरनेट जोडताच विंडोज १० आपोआप ॲक्टिव्हेट झालं. आता बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटात कामाला लागता येतं.

सुरक्षेचं काय करायचं ह्यावर घरात बरीच चर्चा झाली. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती पैसे न देता मिळते. ती घेतली. पण मशीनचे दोन भाग केले. विंडोजमध्ये श्रीलिपी, आयएसएम आणि पेजमेकर, आणि तिथं अपडेट घेण्यापुरतं सोडून इंटरनेट बंद. दुसऱ्या कप्प्यात लिनक्स मिंट, आणि बँक, मेल, विजेचं बिल, मुलांशी व्हिडिओ कॉल सगळं त्यात. मिंटच्या २२ क्रमांकाच्या आवृत्त्यांना २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मराठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासूनच आहे. ह्यांना पहिला आठवडाभर बटणं शोधावी लागली, नंतर विषय निघाला नाही. एवढं लक्षात ठेवायचं, की विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप, म्हणजे लवकर चालू व्हावं म्हणून विंडोज पुरतं बंद न होऊ देणारी सोय, बंद केलं पाहिजे. ते चालू असलं की विंडोजचा कप्पा मिंटमधून नीट उघडत नाही.

टायपिंगच्या धंद्यातल्या माझ्या भावाबहिणींना एक विनंती आहे. क्रॅक केलेले प्रोग्राम घेऊ नका. स्टॉप-डीजेव्हीयू ह्या नावाचा खंडणीखोर व्हायरस घरगुती मशीनवर मुख्यतः अशाच क्रॅकमधून शिरत आला आहे. तो सगळ्या फायलींना कुलूप लावतो आणि पैसे मागतो, आणि जोडलेली बॅकअप डिस्कही सोडत नाही. म्हणून आमची बॅकअप डिस्क काम झालं की लगेच काढून ठेवली जाते. रजिस्ट्री साफ करणारे, ड्रायव्हर शोधून देणारे, मशीन "बूस्ट" करणारे प्रोग्राम ह्यांतलं एकही टाकलेलं नाही. त्यांची गरज नसते.

विजेकडं सगळ्यात शेवटी वळलो, पण ते हलकं काम नाही. अचानक लाइट गेल्यानं डिस्क जितकी बिघडते तितकी ती कशानं बिघडत नसेल, आणि एसएसडीलाही हे लागू आहे. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत दम सोडते. आमची बदलली. यूपीएसला लेझर प्रिंटर जोडायचा नाही. आतला रोलर तापवताना तो एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस बंद पडतं. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघून घ्यायची. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. काळी माती वाळली की भेगा पडतात आणि अर्थिंग नावालाच उरते.

आता नेहमीचं असं चालतं. महिन्याला एकदा, बिलं भरायच्या दिवशी, घरातली बॅकअप डिस्क लावायची, बदललेल्या फायली तिच्यावर घ्यायच्या, आणि आधीचीही प्रत तशीच राहू द्यायची. नुसतं सिंक केलं तर इकडं चुकून पुसलेलं तिकडंही पुसलं जातं, म्हणून जुन्या प्रती ठेवणारा पर्याय निवडला आहे. दुसरी डिस्क लातूरला थोरल्या लेकीकडं असते. सणावाराला ती आली की डिस्कांची अदलाबदल होते. एकाच घरात दोन डिस्का ठेवून भागत नाही, हे त्या सप्टेंबरानं दाखवलं आहे. डिस्क पत्र्याखालच्या खोलीत ठेवायची नाही, आणि पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकायची. वर्षानुवर्षांच्या साठवणीला पेन ड्राइव्ह किंवा एसएसडी नको. बिनविजेची पडून राहिली की तिच्यातला चार्ज हळूहळू गळतो, आणि उष्णतेत लवकर. तिसरी प्रत गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत आहे, पण तिथं फक्त भारुडं, पुस्तकांच्या पीडीएफ आणि निवडक फोटो. आधार, पॅन आणि बँकेचे कागद सेव्हन-झिपनं पासवर्ड घालूनच वर चढवले. तो पासवर्ड कागदावर लिहून विम्याच्या कागदांसोबत ठेवला आहे, आणि ह्यांना आणि लेकीला ती जागा माहीत आहे.

दर खेपेला एखादी फाइल बॅकअपवरून दुसऱ्याच मशीनवर उघडून बघते. फॉन्टाचं कळलं ते अशानंच.

सध्या वन्संचे फोटो स्कॅन करण्याचं काम चाललं आहे. चिकटलेले अल्बमचे फोटो ओढून काढायचे नाहीत. स्वच्छ थंड पाण्यात भिजवून सुटे करायचे आणि चित्र वर ठेवून सावलीत वाळवायचे. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले मात्र पाण्यात घालू नयेत, त्यांचा रंग निघून जातो. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करते, आणि मागं काही लिहिलेलं असलं तर मागची बाजूही. त्यांच्या नावाचं फोल्डर आता आमच्या दोन्ही डिस्कांवर आहे.

त्यानंतर सीड्यांची पाळी. ह्या जुन्या मशीनला डीव्हीडी रायटर आहे आणि तो उत्तम चालतो. नव्या लॅपटॉपांना तो नसतोच. आपल्याकडं २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली लग्नं, बारशी, मुंजी सगळी सीडी-डीव्हीडीवर आहेत आणि त्यांच्यावरचा थर आता उडत चालला आहे. व्हीसीडीत, म्हणजे व्हिडिओच्या सीडीत, एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाइल कॉपी करून घेतली की व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. गल्लीतल्या बऱ्याच घरांतून सीड्या आल्या आहेत. अंबाजोगाईत ज्यांच्याकडं अशा असतील त्यांनी घेऊन यावं. सोबत ३२ जीबीची रिकामी पेन ड्राइव्ह आणा, एका लग्नाला ती भरपूर होते. घरी गेल्यावर तिच्यावरून आणखी एका डिस्कवर घ्या.